५८ जागी आलेला एक शब्द: ‘अ‍ॅब्जेक्शन’ मराठीत आणतानाचे प्रकरण

पार्श्वभूमी

एका मराठी प्रकाशनाने पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी समीक्षा-सिद्धांतावरील अनुवादित निबंधांचा संग्रह काढायचे ठरवले. त्यातला एक इंग्रजी निबंध ‘अ‍ॅब्जेक्शन’ या संकल्पनेची, म्हणजे ‘मी’पण टिकवण्यासाठी काहीतरी अंगापासून दूर लोटण्याच्या क्रियेची, ओळख करून देणारा होता; लांबी साधारण ७,००० शब्द. कामावर चौघे होते: अनुवादक, संग्रहाच्या संपादिका, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या एक सल्लागार, आणि पहिले वाचक म्हणून दलित साहित्य शिकवणारे एक प्राध्यापक. ओळख पटेल असे तपशील येथे गाळले आहेत.

निबंधाचा कणा मनोविश्लेषक आणि समीक्षक ज्युलिया क्रिस्तेवा यांचे विवेचन हा होता. बल्गेरियात १९४१ साली जन्मलेल्या आणि १९६५ च्या अखेरीस पॅरिसला आलेल्या क्रिस्तेवा यांनी १९८० साली फ्रेंचमध्ये या एका संकल्पनेवर पुस्तक लिहिले. १९८२ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद आला आणि तिथून हा शब्द साहित्य, चित्रपट आणि कला यांच्या समीक्षेत पसरला. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने १९९३ मध्ये ‘अ‍ॅब्जेक्ट आर्ट’ या नावाचे प्रदर्शनच भरवले. त्याच वर्षी अमेरिकी तत्त्वज्ञ ज्यूडिथ बटलर यांनी तो शब्द देह आणि लिंगभाव यांच्या चर्चेत वेगळ्या वळणाने वापरला. क्रिस्तेवा यांच्या आधी, १९३० च्या दशकात, फ्रेंच लेखक जॉर्ज बाताय यांनी समाजातल्या विपन्न माणसांबद्दल लिहिताना हाच शब्द धरला होता. निबंध या सगळ्यांना स्पर्श करत होता. म्हणजे एकाच शब्दाचे तीन-चार वेगळे वापर एकाच मजकुरात होते, आणि खरी कसोटी तिथे होती.

अडचण

पहिल्या खर्ड्यात अनुवादकाने सगळीकडे ‘घृणा’ आणि ‘घृणास्पद’ हे शब्द वापरले. सहज सुचतील असे हे शब्द, आणि वाक्ये बिनबोभाट पुढे सरकत होती. संपादिकांनी पहिली दहा पाने वाचली तेव्हा त्यांनाही काही खटकले नाही.

खटकले ते प्राध्यापकांना. निबंधाच्या शेवटच्या तृतीयांशात एक परिच्छेद होता. शहरे काही लोकसमूहांना बाहेर लोटतात, आणि त्या लोटण्यातूनच ‘आपण स्वच्छ, आपण सभ्य’ ही स्वतःची ओळख घडवतात, असा त्याचा आशय. खर्ड्यात त्याचे झाले होते: ‘शहरातील घृणास्पद लोकसमूह’. प्राध्यापकांनी समासात पेन्सिलीने लिहिले: ‘घृणास्पद कोण? हे कोणी ठरवलं?’

हा प्रश्न एका शब्दापुरता नव्हता. मूळ वाक्यात दोष लोटणाऱ्या हाताचा होता. मराठी वाक्यात तो लोटलेल्या माणसाच्या अंगाला चिकटला होता. निबंध ज्याचा निषेध करत होता, तेच अनुवाद करून दाखवत होता. शिवाय दोन ठिकाणी ‘घृणास्पद दारिद्र्य’ असे शब्द आले होते, जिथे इंग्रजीला फक्त ‘पराकोटीचे दारिद्र्य’ एवढेच म्हणायचे होते.

संपादिकांनी खर्डा परत पाठवला नाही. काम थांबवून चौघांची बैठक घेतली. हा निर्णय बरोबर होता. खर्डा परत गेला असता तर अनुवादकाने ‘घृणा’ काढून ‘किळस’ घातली असती आणि चूक तशीच राहिली असती.

शब्दाची उकल

बैठकीत पहिले काम शब्द सोडवून पाहण्याचे झाले. लॅटिनमध्ये ‘आब’ म्हणजे दूर, आणि ‘याकेरे’ म्हणजे फेकणे. दोन्ही मिळून दूर फेकणे, टाकून देणे. या ‘फेकणे’ धातूची मोठी भावंडे आहेत: ‘ऑब्जेक्ट’ म्हणजे समोर टाकलेले, ‘सब्जेक्ट’ म्हणजे खाली टाकलेले, ‘प्रोजेक्ट’ म्हणजे पुढे फेकलेले, ‘रिजेक्ट’ म्हणजे परत फेकलेले. क्रिस्तेवा यांचा सगळा युक्तिवाद या नात्यावर उभा आहे. ‘अ‍ॅब्जेक्ट’ हे धड ‘मी’ही नसते आणि धड समोरची वस्तूही नसते. ‘मी’ उभा राहावा म्हणून जे अंगापासून दूर लोटावे लागते, ते.

कवकशास्त्रातही हा शब्द आहे. बुरशी आपल्या दांड्यावरून बीजाणू झटकून टाकते, त्या क्रियेला इंग्रजीत ‘अ‍ॅब्जेक्शन’ म्हणतात. तिथे किळस नाही, अपमान नाही, फक्त टाकणे आहे. सल्लागारांनी हा अर्थ मुद्दाम पुढे ठेवला, कारण शब्दाचे हाड क्रियेचे आहे आणि भावना त्यावर नंतर चढलेले मांस आहे हे त्यातून स्पष्ट दिसते.

मग संकल्पना. अस्वच्छता किंवा रोगट असणे हे अ‍ॅब्जेक्शनचे कारण नाही, हा क्रिस्तेवा यांचा मुद्दा सर्वात महत्त्वाचा आणि सर्वात जास्त विसरला जाणारा. कारण आहे सीमा पुसली जाणे. बोटावरचे नख ‘मी’ असते. कापून जमिनीवर पडले की ते ‘मी’ नसते, पण पूर्ण परकेही नसते. तोंडातली थुंकी आपण दिवसभर गिळतो. तीच पेल्यात थुंकून परत पिता येत नाही. थुंकीत काही बदललेले नसते, तिने सीमा ओलांडलेली असते. प्रेत हे याचे टोक: कालपर्यंत माणूस असलेले, आज वस्तूही न झालेले. मूल आईच्या देहापासून ‘मी’ म्हणून सुटे होते तेव्हा या लोटण्याची सुरुवात होते, भाषा येण्याच्याही आधी, असे क्रिस्तेवा मांडतात.

आणि लोटलेले कधी पूर्ण जात नाही. ते उंबऱ्यावर राहते, घाबरवते, ओढही लावते. बैठकीत या वाक्याखाली सगळ्यांनी रेघ मारली. पुढे अर्धेअधिक पर्याय याच कसोटीवर गळाले.

मोजणी

पर्याय सुचवण्याआधी अनुवादकाने मूळ निबंधातल्या प्रत्येक जागेची यादी केली. शब्द वेगवेगळ्या रूपांत ५८ वेळा आला होता. संकल्पनेचे किंवा क्रियेचे नाव म्हणून २७ वेळा, विशेषण म्हणून १४ वेळा, ‘टाकलेली गोष्ट’ या अर्थी नाम म्हणून ११ वेळा, माणसांबद्दल ४ वेळा, आणि रोजच्या इंग्रजीतल्या ‘अति’ या अर्थाने २ वेळा. या यादीला एक दुपार लागली. पहिल्या खर्ड्याच्या आधी ती झाली असती तर तीन आठवडे वाचले असते.

यादीमुळे पहिला निर्णय सोपा झाला. शेवटच्या दोन जागा संकल्पनेच्या नाहीतच. तिथे ‘पराकोटीचे दारिद्र्य’ असे साधे मराठी घालून त्या बाजूला काढल्या. इंग्रजीत अशाच अर्थाने ‘अ‍ॅब्जेक्ट’ माफी मागतात. मराठीत ती नाक घासून मागितलेली माफी. तिथे सिद्धांत शोधायला जाऊ नये.

राहिल्या ५६ जागा. त्यांच्यासाठी तीन चाचणी-वाक्ये ठरली: एक क्रियेचे (मूल स्वतःला सुटे करताना जे करते ते...), एक वस्तूचे (प्रेत हे ...चे टोक आहे), एक माणसांचे (शहराने ... ठरवलेली वस्ती). जो शब्द तिन्ही वाक्यांत उभा राहील, ज्याला नाम, विशेषण आणि क्रिया तिन्ही रूपे येतील आणि विभक्ती लावताना जीभ अडखळणार नाही, तो उमेदवार.

पर्याय आणि त्यांची पारख

‘घृणा’ पहिल्याच वाक्यात पडली, कारण ती भावना आहे, क्रिया नाही. या शब्दाच्या पोटात मात्र एक जुनी गोष्ट आहे. संस्कृतात घृणा म्हणजे दयाही. म्हणून मराठीत ‘निर्घृण हत्या’ म्हणजे दयाहीन हत्या. एकाच शब्दात कळवळा आणि तिटकारा नांदतात, हे संकल्पनेला जवळचे आहे; पण आजच्या वाचकाला त्यातला कळवळा ऐकू येत नाही.

‘जुगुप्सा’वर बराच वेळ गेला, आणि तो वाया गेला नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात बीभत्स रसाचा स्थायीभाव, म्हणजे त्या रसाच्या मुळाशी असलेली भावना, जुगुप्सा. भरत बीभत्साचे प्रकारही करतो: रक्त वगैरेंमुळे होणारा क्षोभज, विष्ठा आणि कृमी यांमुळे होणारा उद्वेगी. शिवाय शब्दाची घडण पाहा. ‘गुप्’ म्हणजे राखणे, रक्षण करणे. त्याचे इच्छादर्शक रूप जुगुप्सा. म्हणजे मुळात ‘स्वतःला राखावेसे वाटणे’. सीमा राखण्याचा अर्थ इथे शब्दातच आहे. सल्लागारांचा कल इकडेच होता. पण दोन अडचणी आल्या. रसशास्त्रात जुगुप्सा प्रेक्षकाच्या आस्वादाशी बांधलेली आहे. वाचक निबंध सोडून रसचर्चेत शिरेल. आणि तिसऱ्या चाचणी-वाक्यात ‘जुगुप्सित वस्ती’ म्हटले की दोष पुन्हा वस्तीवर. भावनेचा कोणताही शब्द घ्या, विशेषण झाला की तो समोरच्याच्या अंगावर जाऊन बसतो.

‘अधमता’, ‘हीनता’ हे नैतिक निकाल आहेत. ते लगेच सोडले.

‘उच्छिष्ट’ अनपेक्षितपणे जवळ आला. क्रिस्तेवा यांनी स्वतः अथर्ववेदातल्या उच्छिष्टाची दखल घेतली आहे. तिथल्या ११ व्या कांडातल्या सूक्तात उच्छिष्टावर नाम, रूप आणि लोक आधारलेले आहेत असे म्हटले आहे. जेवून उरलेले विटाळ करते आणि तेच नव्याने जन्मही देते, ही दुहेरी शक्ती त्यांना हवी होती. मराठीत उष्टे, खरकटे, प्रसाद ही सगळी उरलेल्याचीच रूपे, आणि त्यांच्यात मान-अपमानाची केवढी उतरंड. पण उच्छिष्ट म्हणजे उरलेले. अ‍ॅब्जेक्ट म्हणजे टाकलेले. उरण्यात हात कोणाचाच नसतो. हा शब्द निबंधातल्या अथर्ववेदाच्या जागेसाठी राखून ठेवला.

‘बहिष्कार’ आणि ‘बहिष्कृत’. घडणीने अगदी जवळ: बाहेर केलेला. मराठीत या शब्दाला मोठा इतिहास आहे. डॉ. आंबेडकरांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ हे पत्र काढले. बाहेर काढलेल्यांनी तो शब्द उचलून स्वतःच्या हातात घेतला. प्राध्यापकांचा आक्षेप इथे नेमका होता. हा शब्द एका चळवळीचा आहे, फ्रेंच मनोविश्लेषणाचे लेबल म्हणून त्याला राबवणे योग्य नाही. दुसरे व्यावहारिक कारण: आजच्या मराठीत बहिष्कार मतदानावर, परीक्षेवर, मालावरही टाकतात, आणि सामाजिक बहिष्कार ही महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने गुन्हा ठरलेली बाब आहे. तिसरे, आणि सिद्धांताच्या दृष्टीने निर्णायक: बहिष्कृत बाहेर असतो. अ‍ॅब्जेक्ट उंबऱ्यावर असते.

मग ‘विटाळ’. या शब्दापाशी बैठक सर्वात जास्त वेळ थांबली. अनुवादकाचे म्हणणे असे की मराठी माणसाला अ‍ॅब्जेक्शन एका शब्दात समजवायचे तर विटाळाशिवाय पर्याय नाही: स्पर्श, सीमा, देहातून बाहेर येणारे, जन्म, मृत्यू, पाळी, सगळे त्यात आहे. हे खरे आहे. पण दोन गोष्टी आड आल्या. क्रिस्तेवा यांच्या मांडणीत घाण, विटाळ आणि अ‍ॅब्जेक्शन या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. साध्या घाणीला विधी-नियमांच्या व्यवस्थेत स्थान मिळते तेव्हा तिचा विटाळ होतो, आणि अ‍ॅब्जेक्शन या दोन्हींच्या खाली असते. विटाळ हा शब्द मधल्या पायरीसाठी आधीच लागणार होता. खालच्या पायरीसाठीही तोच वापरला तर जिना कोसळतो.

दुसरी गोष्ट प्राध्यापकांनी सांगितली. “विटाळ हा शब्द माझ्या विद्यार्थ्यांच्या घरात संकल्पना म्हणून आलेला नाही, मॅडम. तो पाणवठ्यावर आला, देवळाच्या पायरीवर आला.” १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतल्यावर त्या तळ्याचे शेण-गोमूत्राने ‘शुद्धीकरण’ करण्यात आले होते, ही त्या शब्दाची पार्श्वभूमी आहे. आणि त्याच शब्दाला प्रश्न विचारण्याची परंपराही मराठीतच आहे: देहाचा विटाळ देहातच जन्मला, मग सोवळा कोण झाला, असे संत सोयराबाईंनी विचारून ठेवले आहे. ठरले असे की विटाळ जिथे खरोखर विटाळाचीच चर्चा आहे तिथे न लपवता वापरायचा, आणि इतरत्र चुकूनही नाही.

लिप्यंतर, म्हणजे ‘अ‍ॅब्जेक्शन’ तसेच ठेवणे, हा शेवटचा सोपा रस्ता. तो मोठ्याने वाचल्यावर बंद झाला. वर्गात ‘अ‍ॅब्जेक्शन’ आणि ‘ऑब्जेक्शन’ यांत फरक ऐकूच येत नाही, आणि निबंधात दोन्ही शब्द शेजारी शेजारी होते.

निर्णय

‘क्षेप’ या शब्दाकडे लक्ष सल्लागारांचे गेले. फेकणे या अर्थाच्या ‘क्षिप्’ धातूपासून मराठीत आधीच एक कुटुंब नांदते आहे: आक्षेप, प्रक्षेपण, हस्तक्षेप, विक्षेप, अधिक्षेप. इंग्रजी ‘ऑब्जेक्शन’ला मराठीत आक्षेप म्हणतात आणि ‘प्रोजेक्शन’ला प्रक्षेपण, लॅटिन भावंडांची आणि क्षेप-कुटुंबाची घडण जवळजवळ जुळते. ‘अप’ म्हणजे दूर, खाली. म्हणून अपक्षेप. तर्कसंग्रह या संस्कृत न्यायग्रंथात कर्माच्या, म्हणजे हालचालीच्या, पाच प्रकारांत उत्क्षेपणाच्या (वर फेकण्याच्या) जोडीने अपक्षेपण येतेच, खाली टाकण्याची क्रिया या अर्थाने. म्हणजे शब्द घरातलाच होता, नव्या कामाला लावला.

संकल्पना आणि क्रियेचे नाव: अपक्षेप. टाकलेली गोष्ट आणि विशेषण: अपक्षिप्त. क्रिया: अपक्षेप करणे. तिन्ही चाचणी-वाक्यांत हा शब्द उभा राहिला. अवघड आहे, अनोळखी आहे, हे सगळ्यांनी मान्य केले. पण ‘अपक्षिप्त वस्ती’ म्हटले की वाचकाच्या मनात पहिला प्रश्न ‘कोणी फेकली?’ असा येतो, आणि तोच यावा अशी निबंधाची इच्छा होती.

माणसांच्या ४ जागांसाठी वेगळा नियम झाला. माणूस किंवा समूह यांच्यामागे ‘अपक्षिप्त’ एकटे लावायचे नाही. ‘अपक्षिप्त ठरवलेले’ असेच लिहायचे, आणि जमेल तिथे ठरवणाऱ्याचा उल्लेख त्याच वाक्यात करायचा. वाक्य थोडे लांबते. लांबू द्यावे.

‘सब्जेक्ट’ आणि ‘ऑब्जेक्ट’ यांचेही इथेच ठरले. तत्त्वज्ञानात विषयी आणि विषय असे शब्द आहेत, पण मराठी विद्यार्थ्याला ‘विषय’ म्हणजे भूगोल किंवा गणित. या निबंधापुरते ‘मी’ आणि ‘समोरची वस्तू’ असे साधे शब्द घेतले.

सायीचा प्रश्न

क्रिस्तेवा यांचे सर्वात प्रसिद्ध उदाहरण दुधावरच्या सायीचे आहे. ओठांना त्या पातळ पापुद्र्याचा स्पर्श होताच मळमळते, अंग मागे सरते, आणि आईवडिलांनी पुढे केलेले दूध नाकारताना मूल स्वतःला त्यांच्यापासून सुटे करते.

मराठी घरात साय जपून काढून ठेवतात. तिचे विरजण लावतात, लोणी काढतात, तूप कढवतात. लहान मुलाला साय-साखर देतात. दहा विद्यार्थ्यांना हा परिच्छेद वाचायला दिला तेव्हा सात जणांनी विचारले, ‘पण सायीची किळस का?’ उदाहरण पोहोचलेच नव्हते.

सल्लागारांनी उदाहरण बदलावे असे सुचवले: जेवणात सापडलेला केस. संपादिकांनी नकार दिला. लेखिकेच्या अनुभवाच्या जागी दुसऱ्याचा अनुभव घालणे म्हणजे अनुवाद नव्हे. आणि त्या परिच्छेदातला खरा मुद्दा, आईबापांनी दिलेले नाकारण्याचा, केसाच्या उदाहरणात उरत नाही. साय ठेवली. मात्र ‘साय’ हा लाडका शब्द टाळून ‘दुधावर धरलेला पापुद्रा’ असे लिहिले आणि तळटीप दिली.

तळटिपेसाठी मराठी जगातले उदाहरण प्राध्यापकांनी दिले: उतारा. माणसावरून नारळ, लिंबू, भात उतरवून तिठ्यावर नेऊन ठेवतात. टाकून दिलेली वस्तू. तिची किंमत शून्य व्हायला हवी. उलट सगळे तिला वळसा घालून जातात, कोणी ओलांडत नाही. ती घाण नाही, कुजलेली नाही. तिच्यात कोणाचे तरी टाकलेले काहीतरी आहे. आणि माणसाला ‘ओवाळून टाकलेला’ म्हणतात तेव्हा हीच क्रिया माणसावर केलेली असते. पाच ओळींच्या या टिपेने जे काम केले ते निबंधातल्या दोन पानांनी केले नव्हते.

कार्यवाही आणि वाटेतले घोटाळे

दुसरा खर्डा बारा दिवसांत झाला. पहिल्या उल्लेखाशी तीन वाक्यांची टीप: शब्दाची फोड, क्षेप-कुटुंबाशी नाते, आणि ‘ही भावना नव्हे, क्रिया आहे, किळस ही तिची खूण’ हे वाक्य. किळस, शिसारी, मळमळ हे शब्द देहाच्या प्रतिक्रियेसाठी मोकळे ठेवले, त्यामुळे अनुवादाला पुन्हा रक्तमांस आले.

घोटाळा मुद्रितशोधनात झाला. संगणकाच्या शुद्धलेखन-तपासणीने तीन ठिकाणी ‘अपक्षेप’चे ‘आक्षेप’ केले. मुद्रितशोधकांनी सहा ठिकाणी ‘अवक्षेप’ केले, आणि त्यांच्या बाजूने ते योग्यच होते, कारण रसायनशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत परीक्षानळीच्या तळाशी बसणाऱ्या साक्याला अवक्षेप म्हणतात. त्यांना कोणी नवा शब्द सांगितलाच नव्हता. पुढे मजकुराची फाइल जुन्या बिगर-युनिकोड फाँटमध्ये नेताना ‘अपक्षिप्त’मधली ऱ्हस्व वेलांटी सरकून दोन अक्षरांच्या मधे बसली. जोडाक्षरावरच्या ऱ्हस्व वेलांटीला अशा रूपांतरात हा धोका नेहमीच असतो.

उपाय साधा होता, उशिरा झाला इतकेच. परिभाषेची एक पानी यादी मुद्रितशोधक आणि अक्षरजुळणीकार दोघांच्या हाती दिली. प्रत्येक प्रुफात ‘आक्षेप’, ‘अवक्षेप’ आणि ‘अपक्ष’ हे तीन शब्द शोधून प्रत्येक जागा डोळ्यांनी तपासली. आणि ५६ ही संख्या जुळते का ते मोजले. शेवटच्या प्रुफात ती ५५ भरली. हरवलेली जागा एका मथळ्यात सापडली.

फलित

त्याच दहा विद्यार्थ्यांना नवा खर्डा दिला. शहरांबद्दलच्या परिच्छेदावर पहिल्या वेळी सहा जणांनी ‘लेखिकेला या लोकांबद्दल घृणा वाटते’ अशा अर्थाचे उत्तर लिहिले होते. या वेळी तसे एकानेही लिहिले नाही. आठ जणांनी लोटणाऱ्याचा उल्लेख केला.

तोटाही नोंदवायला हवा. चर्चेत बोलताना बहुतेक विद्यार्थी ‘अ‍ॅब्जेक्शन’च म्हणत होते, ‘अपक्षेप’ हा लिहिण्यापुरता शब्द राहिला. दोघांना तो ‘अधिक्षेप’ वाटला, म्हणजे अपमान, आणि त्यांनी अर्थ तसाच लावला. टीप वाचूनही लावला.

वेगळे काय करता आले असते

जागांची यादी खर्ड्याआधी व्हायला हवी होती, हे वर आलेच. फ्रेंच मूळ उशिरा उघडले. निबंध इंग्रजीतून असला तरी त्यातली अवतरणे फ्रेंचमधून इंग्रजीत आलेली होती, आणि घाण व विटाळ यांतला फरक फ्रेंच शब्द पाहिल्यावरच स्पष्ट झाला. तो आधी दिसला असता तर विटाळावरची चर्चा निम्म्या वेळात झाली असती. ती निम्मी व्हायला हवी होती का, हा वेगळा प्रश्न, कारण प्राध्यापकांचे म्हणणे त्या लांबलेल्या अर्ध्यातच आले.

वाचक-चाचणी फक्त विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर झाली. जात आणि पाळी या दोन्ही विषयांवर गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनाही खर्डा द्यायला हवा होता. त्यांच्याकडे कदाचित ‘अपक्षेप’पेक्षा जिवंत शब्द असेल. आणि ‘अधिक्षेप’शी होणारी गल्लत टाळायला टिपेत एकच जादा ओळ पुरली असती: अधिक्षेपात माणूस समोर असतो, अपक्षेपात तो समोर राहू नये म्हणून धडपड असते.

एक जागा अजून सुटलेली नाही. निबंधाच्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदात मूल स्वतःबद्दलच बोलत असल्यासारखे एक वाक्य आहे. नियमाप्रमाणे तिथे ‘मी अपक्षिप्त’ यायला हवे. अनुवादकाने ‘मी टाकलेला’ लिहिले. संपादिकांनी दोनदा खोडले, तिसऱ्यांदा तसेच ठेवले. शब्दसूचीत ते पान ‘अपक्षिप्त’खालीच नोंदवले आहे, आणि दुसऱ्या आवृत्तीच्या तपासणी-यादीत त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह आहे.